हूक लावण्यापूर्वी एक फेरी



गळीत हंगाम सुरू झाला की गाडीतळावर रात्रीचा दिवस होतो. परवा संध्याकाळी वजनकाट्यापुढच्या रांगेच्या कडेने आम्ही बॅटरी घेऊन चालत गेलो. ट्रॉल्यांचे हूक बघायचे होते. एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली नुसत्या एका लांब बोल्टावर जोडलेली. खाली नट नाही, तिथे काटेरी तारेचा तुकडा पिळून बसवलेला. ड्रायव्हरला विचारले तर म्हणाला, "काका, पंधरा दिस झालं, काय होतंय त्येला?"

पंधरा दिवस काही झाले नाही, हे खरेच. पण दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस असतो आणि बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. चढावर ती तार तुटली तर मागची ट्रॉली उलटी पळत सुटणार. मागे शाळेतून सायकलवर घरी निघालेली पोरे असतील, नाहीतर आपलाच एखादा सभासद फटफटीवर असेल.

आपली वडीलधारी माणसे गाडी जुंपण्याआधी आखाचे वंगण बघत, चाकाची कुणी जागेवर आहे का ते चाचपत, बैलाचा खूर उचलून पाहत. ट्रॅक्टर आला, भार कितीतरी पट वाढला आणि फेरी मात्र बंद पडली. बैल निदान लंगडून दाखवतो, लोखंड दाखवत नाही. गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची रीत बघा. पाळी सुरू होण्यापूर्वी चालकाने काटे, साखळी, ब्रेक, हॉर्न आणि तेलाची गळती बघायची. दोष दिसला तर यंत्र जागेवरच उभे ठेवायचे. तिथे तर रस्ताही नसतो.

आपल्या गाडीची फेरी पाच मिनिटांची आहे. पिन, तिची चावी, टायर. चाकाच्या नटाखाली गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसली तर नट ढिला झाला असे समजावे.

ब्रेकचे मात्र जरा सविस्तर सांगितले पाहिजे. ट्रॅक्टरला ब्रेकचे पायटे दोन. शेतात वळताना एकेक चाक धरायला ते सुटे ठेवतात. रस्त्यावर येताना त्यांची कडी लावून दोन्ही एक करायचे असतात. कडी राहून गेली आणि घाईत पाय एकाच पायट्यावर पडला, तर एकच चाक धरते, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि मागचा भार त्याला ढकलत नेतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारेही आम्ही पाहिले आहेत. वाचून वाचून किती वाचणार?

रात्रीसाठी रिफ्लेक्टर मागे लाल, पुढे पांढरा, बाजूला पिवळा. तो असतो हो, पण मोळ्या आणि वाढे मागे लोंबतात, त्यांच्याखाली झाकला जातो. भरणी झाल्यावर दहा पावले मागे जाऊन तो दिसतो का ते बघावे. चाकाला लावलेले दगड तसेच रस्त्यात टाकून जाण्याची खोड तर फारच वाईट. आणि टेपचा आवाज इतका, की मागच्याने हॉर्न दिला तरी ऐकू जात नाही.

सगळा दोष ड्रायव्हरवर ढकलणे बरे नव्हे. त्याचे पैसे खेपेवर ठरतात, आणि रांगेत तासन्‌तास ताटकळल्यावर डोळा लागतोच. यात कारखान्याचाही वाटा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण नवी पिन मालकाने द्यायची असते, आणि यांतले कितीतरी ट्रॅक्टर आपल्या सभासदांचेच आहेत.

त्या गाडीला वर्कशॉपमधून पिन आणून बसवेपर्यंत तिचा नंबर तीन गाड्यांनी मागे गेला. ड्रायव्हर कुरकुरला. जुना बोल्ट तो टूलबॉक्समध्ये टाकू लागला, तेव्हा आम्ही मागून घेतला. मधोमध झिजून पेन्सिलीएवढा झालेला आहे. शेतकी ऑफिसच्या टेबलावर ठेवला आहे, काट्यावर आलात की बघून जा.