संचालक मंडळाची सभा आणि भिन्न मताची नोंद

बेळगाव व कोल्हापूर अशा दोन राज्यांत सभासद असणाऱ्या पतसंस्थांना बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ लागू होतो. त्यानुसार संचालक मंडळात, स्वीकृत सदस्य वगळता, २१ हून अधिक संचालक नसतात व दर तिमाहीस किमान एक सभा घ्यावी लागते. सभा होतात, परंतु कर्जप्रकरणांची टिपणे पुष्कळदा सभेतच हाती पडतात आणि चहा येईपर्यंत ती मंजूरही झालेली असतात. विषयपत्रिकेसोबत टिपणे आठवडाभर आधी धाडल्यास तारण, परतफेडीची ऐपत व जुनी थकबाकी संचालकांना पडताळता येते. एखाद्याचे मत भिन्न असल्यास ते इतिवृत्तात नावानिशी नोंदवावे. अध्यक्षांनी त्यास विरोध मानू नये. कर्ज बुडाल्यावर चौकशीत इतिवृत्तच पाहिले जाते, आणि तेथे मौन बाळगणारा संचालक संमती देणाऱ्यांतच गणला जातो.