पूर्वपदाचे आश्वासन : १९२० ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक

दंगल शमली वा संप मिटला की ‘जनजीवन पूर्वपदावर’ असा मथळा वृत्तपत्रांत येतो. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांत हे पूर्वपदच प्रचाराचे आश्वासन म्हणून मांडले गेले आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९२० ची निवडणूक होय.

पहिल्या महायुद्धानंतरचा अमेरिकन मतदार थकलेला होता. इन्फ्लुएन्झाची साथ, महागाई, १९१९ मधील पोलाद कामगारांचा संप, शिकागोसह अनेक शहरांतील वांशिक दंगली, साम्यवादाच्या भयाने झालेली धरपकड हे सारे दोन-तीन वर्षांत घडले. राष्ट्रसंघासाठी झगडणारे अध्यक्ष विल्सन ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. अशा वेळी १४ मे १९२० रोजी बोस्टन येथे ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर वॉरन हार्डिंग यांनी देशाला पराक्रमाची नव्हे, तर जखमा भरून येण्याची आणि ‘नॉर्मल्सी’ची गरज आहे, असे प्रतिपादन केले. या शब्दाची अशुद्ध म्हणून टिंगल झाली. वस्तुतः तो गणिताच्या कोशात १८५७ पासून होता. मतदारांना व्याकरणाशी कर्तव्य नव्हते. पुढे हार्डिंग यांनी बराचसा प्रचार मॅरिअन या आपल्या गावी घराच्या ओसरीवरूनच केला. ती ओसरीही आश्वासनाचाच भाग होती. त्यांना सुमारे ६० टक्के मते मिळाली.

या आश्वासनाचे सामर्थ्य त्याच्या संदिग्धतेत आहे. पूर्वपद नेमके कोणत्या वर्षीचे, हे उमेदवाराला सांगावे लागत नाही. प्रत्येक मतदार आपल्या आठवणीतील बरा काळ त्यात भरतो. सत्तेवर आल्यावर मात्र कोणाचे पूर्वपद, ही निवड टळत नाही. १९२१ मध्ये युरोपीय स्थलांतरितांच्या संख्येवर मर्यादा आली. विल्सन यांनी ज्यांना माफी नाकारली होती, ते समाजवादी नेते यूजीन डेब्स त्याच वर्षाअखेर हार्डिंग यांच्या आदेशाने तुरुंगातून सुटले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु झुंडहत्यांविरोधी डायर विधेयक जानेवारी १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊनही दक्षिणेकडील सदस्यांनी सिनेटमध्ये रोखून धरले व ते बारगळले. कृष्णवर्णीय नागरिकांच्या दृष्टीने जुने दिवस हीच तर आपत्ती होती. स्त्रियांना देशव्यापी मताधिकार मिळाल्यानंतरची पहिलीच अध्यक्षीय निवडणूक मागे परतण्याच्या घोषणेवर जिंकली गेली, हा विरोधाभासही अभ्यासकांनी अधिक तपासावा असा आहे.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत जो बायडेन यांच्या प्रचारालाही याच आश्वासनाचे बळ लाभले. साथ ओसरली, पण किमती जुन्या पातळीवर परतल्या नाहीत. आणि २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी साथीपूर्वीच्या, म्हणजे स्वतःच्याच कारकिर्दीतील स्वस्ताईचे स्मरण देत मते मागितली व कमला हॅरिस यांचा पराभव केला.