झिजलेली किल्ली आणि तिची मूळ प्रत

घरांतील ज्या वस्तु दिवसांतून दहा वेळां हाताळल्या जातात, त्यांच्याकडे आपलें लक्ष सर्वांत कमी असतें. मोटारीची किल्ली ही अशांपैकींच एक होय. एकत्र कुटुंबांत तर ती कोणा एकाची नसतेच. सकाळीं थोरले बंधु ती कचेरीस नेतात, दुपारीं वहिनी मुलांस शाळेंतून आणतात, सायंकाळीं धाकटे चिरंजीव मंडईंत जातात, आणि रात्रीं ती पुन्हां दाराआडच्या खिळ्यावर येऊन लटकते. कांहीं वर्षांनीं ती कुलुपांत अडूं लागते. कोणी ती किंचित् बाहेर ओढून फिरवितो, कोणी वर उचलून धरतो. प्रत्येकाची एक युक्ति ठरून जाते व त्या युक्तीसच सारें घर दुरुस्ती समजूं लागतें. मग एखाद्या रात्रीं वडीलधाऱ्या माणसाच्या छातींत कळ येते, त्यांना मागच्या आसनावर बसविलें जातें, आणि नेमकी ती युक्ति ज्याला साधते तो परगांवीं गेलेला असतो! थोडक्या खर्चांत टळणारें हें संकट आहे. म्हणून त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

किल्ली अडते म्हणजे नेमकें काय होतें, हें समजल्यावांचून उपाय सांपडत नाहीं. बहुतेक मोटारींच्या कुलुपांत मधोमध एक फिरतें नळकांडें असतें व त्यांत ओळीनें पातळ पितळी चकत्या बसविलेल्या असतात. प्रत्येक चकतीस एक बारीक स्प्रिंग रेटीत असते. किल्ली नसतांना या चकत्यांचीं टोकें बाहेरील खांचेंत शिरून नळकांड्यास अडवून धरतात. योग्य किल्ली आंत गेली कीं तिच्या उंचसखल कडेमुळें प्रत्येक चकती आपापल्या जागीं येते, सर्व टोकें आंत ओढलीं जातात आणि नळकांडें मोकळें फिरतें. किल्लीच्या एका पायरीहून दुसरी पायरी सुमारें अर्ध्या मिलिमीटरानें उंच वा खोल असते. तेव्हां केसाएवढी झीजही येथें लहान नव्हे.

पूर्वीं किल्लीनें केवळ विजेचा प्रवाह चालू होई. एंजिन सुरू करण्यास निराळें बटण वा हँडल असे. इ. स. १९४९ मध्यें अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें किल्ली फिरवितांच एंजिन सुरू होईल अशी योजना केली, व ती पुढें सर्वत्र पसरली. तेव्हांपासून हा सारा पीळ किल्लीच्या वांट्यास आला.

आतां गृहस्थ काय करतो? झिजलेली किल्ली घेऊन चौकांतील किल्लीवाल्याकडे जातो व ‘हिच्यासारखी दुसरी करून द्या’ असें सांगतो. घोटाळा होतो तो येथेंच. किल्लीवाल्याच्या यंत्रांत एका बाजूस जुनी व दुसऱ्या बाजूस कोरी किल्ली आंवळलेली असते. जुन्या किल्लीच्या कडेवरून एक बोथट टोक फिरतें व त्याबरहुकूम पलीकडील दातेरी चाक कोरी किल्ली कापीत जातें. मूळचा आकार यंत्रास ठाऊक नसतो. समोरची झीज तेवढी तें इमानानें उतरून घेतें, व स्वतःची थोडी चूकही तींत मिसळतें. अशी नवी किल्ली चकचकीत दिसते, पण पहिल्या दिवसापासूनच म्हातारी असते.

हातानें पोथ्या उतरून घेण्याच्या काळीं असेंच होई. एका लेखकाचा दोष पुढल्या प्रतींत जाई व त्यांत पुढला आपली भर घाली. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अपपाठ शिरले, म्हणूनच शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांस तिचें शुद्धीकरण करावें लागलें. किल्लीच्या बाबतींत एवढे श्रम नकोत. तिची मूळ प्रत बहुधा आपल्याच कपाटांत असते.

गाडी घेतांना मिळणारी दुसरी किल्ली ती हीच. ती क्वचित्‌च वापरली जात असल्यानें तिच्या कडा शाबूत असतात. नवी किल्ली नेहमीं तिच्यावरूनच कापवावी. याशिवाय पुष्कळ गाड्यांच्या किल्ल्यांबरोबर एक लहानसा बिल्ला येतो व त्यावर किल्लीचा अंक कोरलेला असतो. त्या अंकावरून कारागीर अस्सल मापाची किल्ली कापूं शकतो. मग जुनी किती झिजली आहे, हा प्रश्नच उरत नाहीं. हा बिल्ला जुडग्यांत वा गाडींत ठेवूं नये, कारण तो चोराच्या हातीं लागणें म्हणजे किल्लीच लागणें होय. अंक घरच्या हिशेबाच्या वहींत टिपून बिल्ला कपाटांत ठेवावा. दोन्ही किल्ल्या झिजल्या व अंकही हरवला, तरीही निराश होण्याचें कारण नाहीं. जाणता कारागीर दाराचें कुलूप काढून आंतील चकत्यांच्या मापांवरून मूळ आकार ठरवूं शकतो.

मात्र खर्च करण्यापूर्वीं दोष कोणाचा हें पाहावें. कपाटांतील किल्ली सुरळीत फिरली तर दोष रोजच्या किल्लीचा. तीही अडली तर कुलुपाचा. कुलूप अडत असल्यास त्यांत खोबरेल किंवा शिवणयंत्राचें तेल सोडण्याचा मोह आवरावा. तेलावर धूळ बसून चिखल होतो व चकत्या अधिकच चिकटतात. शिसपेन्सिलीचें टोक किल्लीच्या दोन्ही अंगांस घांसून ती चार-सहा वेळां आंतबाहेर करावी. पेन्सिलींतील ग्राफाइट कोरडेंच वंगणाचें काम करतें.

कुर्ल्यास तयार झालेली प्रीमियर पद्मिनी किंवा आरंभींच्या काळांतील मारुति ८०० अशा गाड्यांच्या किल्लींत धातूवांचून दुसरें कांहीं नाहीं. ज्याचा हात कानशीवर बसलेला आहे, त्यानें अशी किल्ली घरींही करावी. शाबूत किल्ली मेणबत्तीच्या काजळीवर धरून काळी करावी. त्याच घडणीची कोरी किल्ली तिला चिकटवून दोन्ही व्हाइसमध्यें आंवळाव्या, आणि बारीक कानशीनें कोरी किल्ली घांसत जावें. काजळीस धक्का लागूं लागला कीं थांबावें. कडेची कीस साफ करून नवी किल्ली प्रथम दारांत लावून पाहावी. ती जोर करून फिरवूं नये. मोडलेला तुकडा काढण्यास किल्लीहून अधिक खर्च येतो.

अलीकडील गाड्यांची गोष्ट निराळी. युरोपांत इ. स. १९९८ पासून नव्या मोटारींस इम्मोबिलायझर सक्तीचा झाला, व आपल्याकडेही तो आतां सामान्य आहे. किल्लीच्या मुठींत एक इवलीशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाहीं. कुलुपाभोंवतींच्या तारेच्या वेटोळ्यांतून तिला शक्ति मिळते व ती आपली ओळख सांगते. ती ओळख पटली नाहीं तर किल्ली फिरूनही गाडी चालत नाहीं. अशा किल्लीची मूठ फुटली वा बटणें झिजलीं, म्हणजे सबंध किल्लीच बदलावी लागते असें नाहीं. रिकामी मूठ अल्प किंमतींत मिळते. जुनींतील पट्टी व चिप तींत बसवितां येते. चिप पुष्कळदां पट्टीपासून वेगळी, मुठीच्या कोपऱ्यांत चिकटलेली असते. ती नव्या मुठींत येऊन गाडी सुरू होईपर्यंत जुनी मूठ टाकूं नये. बॅटरीवर सीआर २०३२ असा अंक असल्यास तिचा व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर समजावी. या कामीं लहान मुलांस दूर ठेवावें. अशी बॅटरी गिळली गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका पोळूं शकते. तसा नुसता संशय आला तरी मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

शेवटची सूचना जुडग्याविषयीं. तिजोरी, फाटक, कचेरी, सर्वांच्या किल्ल्या मोटारीच्या कडींत ओंवण्याची आपली संवय वाईट. त्या भारानें किल्ली व कुलूप दोन्ही झिजतात. इ. स. २०१४ मध्यें अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें सदोष स्विचामुळें लाखों गाड्या परत बोलाविल्या. चालत्या गाडींत स्विच जागचा सरके, एंजिन बंद पडे व अपघातांत एअरबॅग फुगत नसत. कंपनीच्या नुकसानभरपाई निधीनें १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. मूळ दोष स्विचांत होता, तरी दुरुस्ती होईपर्यंत कडींत किल्लीखेरीज कांहीं ठेवूं नका, असा इशारा कंपनीनेंच दिला होता.

तेव्हां येत्या रविवारीं घरांतील दोन्ही किल्ल्या शेजारीं ठेवून उजेडांत पाहाव्या. फरक दिसल्यास कपाटांतील किल्लीवरून एक नवी कापवून ती खिळ्यावर लावावी, आणि मूळ प्रत पुन्हां कपाटांत ठेवावी. ती कोठें आहे हें मात्र घरांतील एकालाच नव्हे, सर्वांना ठाऊक असावें.