हलती माशी

जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत, एका घरी परवान्याची जुनी ठासणीची बंदूक पाहिली. नळीच्या टोकावरची माशी बोटानेही सरकत होती. "झिजलीय," घरातले म्हणाले. मला ते पटले नाही. माशी आधी खोबणीत सैलच बसवतात. नेम जुळला की कडेला घाव घालून पक्की करतात. गोळी उजवीकडे गेली तर माशीही उजवीकडेच सरकवायची. नवख्याचा हात हमखास उलटा जातो! मागची खाच माशीपासून मीटरभर दूर असेल, तर माशीचा १ मिलिमीटर ५० मीटरवर ५ सेंटिमीटर होतो. उंची मुद्दाम जास्त ठेवतात. कानशीने घासावी तशी गोळी वर चढते. इथे कडेला घाव नव्हता, माथ्यावर कानस फिरलेली नव्हती. बहुधा ही बंदूक नेमाला कधी लावलीच नव्हती.