उघडेल ते पुस्तक

पावसाळ्यात आमच्या नेरे गावात पुस्तकं सांभाळायची म्हणजे लोणच्याच्या बरणीइतकी निगा राखावी लागते. माथेरानच्या डोंगरावरून ढग उतरले, गाढी नदी फुगली, की कपाटातल्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरू लागते. दसऱ्याच्या सुमारास ऊन कडक झालं की चटई अंथरून सगळी पुस्तकं बाहेर काढायची, पानं फडफडवायची, कसर झटकायची. त्यामुळे कागदाचे गोडवे गाणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ‘आता काय, सगळं मोबाइलवर मिळतं’ म्हणणाऱ्यांचं त्याहून जास्त. पनवेलमध्ये मी बरीच वर्षं डीटीपीचं काम केलं आणि संगणकात पुस्तक कसं मरतं ते जवळून पाहिलं.

मी धंद्यात शिरले तेव्हा छापखान्यातले अक्षरांचे खिळे भंगारात वजनावर जात होते. देवनागरीचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचं काम इंग्रजीपेक्षा कितीतरी किचकट. क्ष, द्ध, श्र, त्र, त्यावर मात्रा, रफार, अनुस्वार. शेकडो खिळे आणि प्रत्येकाचं घर लक्षात ठेवायचं. ही संख्या आटोक्यात आणायची खटपट टिळकांनीही केली होती. संगणक आला तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. पण सुरुवातीच्या मराठी फाँटांत एक चलाखी होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच, आपल्याला तो मराठी दिसायचा एवढंच. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी.

मध्यंतरी एक बाई वडिलांच्या कथासंग्रहाची सीडी घेऊन आल्या. नवी आवृत्ती काढायची होती. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांची नुसती खिचडी. तो फाँट आता कुणाकडे नव्हता. तो ज्या सॉफ्टवेअरबरोबर यायचा, ते चालायला प्रिंटरच्या पोर्टला लॉक लावावं लागे. तेही कधीच हरवलेलं. शेवटी मी बाईंना घरातली छापील प्रत आणायला सांगितलं. पानं पिवळी पडलेली, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. त्यावरून सगळं पुस्तक पुन्हा टाइप केलं.

यावरचा उतारा म्हणजे युनिकोड. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक. ‘क’चा 0915, ‘ष’चा 0937. ‘क्ष’ला वेगळी जागा लागत नाही, क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक साठवले जातात आणि जुळाऱ्याचं काम फाँट करतो. देवनागरी यात 1991च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ फाँट तर आपल्या सुलेखनकार र. कृ. जोशींचा. तरी आमची डीटीपीवाली मंडळी पुढे किती वर्षं जुन्याच फाँटांना चिकटून राहिली! पानं लावायच्या सॉफ्टवेअरला युनिकोडची मराठी झेपत नव्हती हे खरं, पण त्या काळातली ढीगभर पुस्तकं आज मजकूर म्हणून कुणाच्याच संगणकात नीट उघडत नाहीत.

नव्या यंत्राला नाकं मुरडणं तसं जुनंच. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं, त्या काळी शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील कागदाला शिवत नसत. म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं असं सांगतात. आमच्या सासूबाईंना असलं काही लागलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना वाचनालयातल्या कादंबरीचा बारीक टाइप जड जाऊ लागला, म्हणून मुलाने ई-रीडर आणून दिला. त्याच्या पडद्यात सूक्ष्म गोळ्या असतात, गोळ्यांत काळे-पांढरे कण. वीज मिळाली की हवे ते कण वर येतात, आणि एकदा पान उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही. साध्या पडद्यासारखा तो डोळ्यांत उजेड मारत नाही. अक्षर बोराएवढं करून सासूबाई दुपारभर वाचतात. किंडलवर मराठी पुस्तकं 2016च्या डिसेंबरात आली. तेव्हापासून नव्या पुस्तकासाठी दर वेळी पनवेलची बस धरायचं कारण उरलेलं नाही. वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही.

खटकतं ते निराळंच. ई-पुस्तक विकत घेतलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक ठिकाणी मिळतो तो वाचायचा परवाना. 2009 साली अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादात ऑर्वेलचं ‘1984’ ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसलं होतं. पैसे परत मिळाले, नंतर कंपनीने माफीही मागितली; पण कपाटातलं पुस्तक दुकानदार येऊन असं उचलून नेऊ शकत नाही. या बाबतीत ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पीडीएफ पुस्तकं मला बरी वाटतात. ती हवी त्याला पाठवा, कुणी अडवत नाही.

परवा सासूबाईंना आवडलेली कादंबरी शेजारच्या काकूंना द्यायची होती. ती दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवता येत नाही, हे मी दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, “अगं, मग यंत्रच दे की दोन दिवस!” दिलं. काकू आता त्यातली चौथी कादंबरी वाचतायत, आणि काल चार्जरही मागून नेलाय.