खडक जसा, तसं पाणी

बोअर मारायचा म्हटलं की गटाच्या बैठकीत आधी पैशाचं बोलणं होतं. आज त्याच्याही आधीचं बोलू, पायाखालच्या खडकाचं.

ज्वालामुखी म्हटलं की उंच शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो. आफ्रिकेतला माउंट केनिया असाच, लाव्हा आणि राखेचे थर चढत चढत झालेला. पुढे बर्फाने घासून त्याचा माथा झिजवला, नुसते सुळके उरले. महाराष्ट्रात तसं झालं नाही. इथे सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा दूरवर पसरत गेला. म्हणून सह्याद्रीचे डोंगर माथ्यावर सपाट. नागपूरची सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या खडकाची. आपल्याकडे येईपर्यंत तो संपतो.

बर्फ मात्र विदर्भातही होता! चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई गावी, पैनगंगेच्या काठी, चुनखडीवर लांब ओरखडे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदी सरकली, तिच्यात अडकलेल्या दगडांनी ते ओढले.

भंडाऱ्याचा खडक या दोन्हींहून जुना, १०० कोटी वर्षांच्याही पलीकडचा. जमिनीच्या पोटात दाबून, भाजून घट्ट झालेला. साकोलीच्या नावाने तर खडकांचा एक समूहच ओळखला जातो. तुमसरकडचं चिखला आणि डोंगरी बुजुर्गचं मँगनीज अशाच जुन्या खडकांतलं. डोंगरीचा काही माल बॅटरीच्या सेलसाठी जातो.

आता पाणी. असल्या घट्ट खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. शेजारणीच्या विहिरीला भेग लागली, आपल्या लागली नाही, एवढाच फरक. आणि खोल गेलं की पाणी वाढतंच असं नाही, कारण खाली भेगा कमी होत जातात. कर्ज मात्र फुटाफुटाने वाढतं. तेव्हा पाणाड्याच्या नारळावर भिस्त ठेवण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. कोणत्या विहिरीला मे महिन्यात किती हात पाणी असतं ते लिहून सोबत न्या. पाणी भरणाऱ्या बाईइतकं हे कुणाला ठाऊक असणार?

कोहळी समाजाच्या जुन्या लोकांनी ही जमीन ओळखली होती. त्यांनी उतार पाहून तलाव बांधले. आज आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी. त्यांचं पाणी बांधीला मिळतं, शिवाय झिरपून पाळीखालच्या विहिरींनाही. तुमच्या तलावातला गाळ शेवटी कधी काढला, ते येत्या ग्रामसभेत विचारा.