संतमस : न दिसलेला तप्त गुरू
परक्या सूर्यांचे ग्रह – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण ताऱ्यासमोरून सरकणारे ग्रह पाहिले. ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो आणि ग्रहाची चाहूल लागते. आजचा ग्रह तेवढीही सवलत देत नाही. संशोधकांनी वाट पाहिली, पण त्याचा तारा आणि आपण यांच्या मध्ये तो आलाच नाही. तरीही तो आहे याबद्दल कुणाला शंका नाही आणि त्याच्या नावाचं मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने शंभराहून अधिक देशांना एकेक तारा आणि त्याचा एकेक ग्रह नामकरणासाठी मिळाला. भारताच्या वाट्याला आला एचडी ८६०८१. लोकांकडून नावं मागवली गेली, मतदान झालं आणि डिसेंबरात निकाल लागला. तारा झाला ‘बिभा’, ग्रह झाला ‘संतमस’. संतमस हे नाव सुचवलं पुण्यातल्या तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने, ग्रहाचं वातावरण ढगाळ असणार हे मनात धरून. बिभा हे नाव बिभा चौधुरींच्या स्मरणार्थ आहे. दार्जिलिंगच्या डोंगरात फोटोच्या काचा ठेवून विश्वकिरणांचे माग टिपणाऱ्या या बाई १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. त्यांच्या हयातीत त्यांना फारसा मान मिळाला नाही, म्हणून हे नाव मला फार मोलाचं वाटतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. जो दिसत नाही, तो सापडला कसा?

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण खरं तर दोघंही एकाच सामाईक बिंदूभोवती फिरतात. ग्रह मोठी फेरी मारतो, तारा अगदी छोटी. त्या छोट्या फेरीत तारा कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो. कोकण रेल्वेची गाडी फलाटावरून न थांबता गेली की तिच्या भोंग्याचा सूर एकदम उतरतो, ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. प्रकाशाचंही तसंच होतं. तारा जवळ येताना त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जाताना तांबड्या टोकाकडे. बिभाच्या रेषा हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीतून तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की हा तारा सेकंदाला सुमारे २०८ मीटर वेगाने मागेपुढे होतो. या वेगाने रेषा सरकतात त्या तरंगलांबीच्या दहा लाखांत एक भागाहूनही कमी. आपला गुरू सूर्याला सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर हलवतो. म्हणजे बिभाला ओढणारा ग्रह जड तर हवाच, शिवाय अगदी जवळही हवा.

हिशेब मांडला तो असा. संतमसचं वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट आहे आणि त्याचं वर्ष २ दिवस आणि सव्वातीन तासांच्या आसपास संपतं. ताऱ्यापासूनचं अंतर पन्नास लाख किलोमीटरच्या घरात. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर धावते, संतमस पावणेदोनशे. ‘किमान’ दीडपट असं म्हणायचं कारण हेच की रेषांवरून फक्त आपल्या दिशेची हालचाल कळते. कक्षा किती कललेली आहे हे कळत नाही, तोवर खरं वजन हाती येत नाही. आणि ग्रह समोरून जात नसल्यामुळे त्याचा आकारही मोजता येत नाही. २००६ मध्ये शोध जाहीर झाला तेव्हापासून हे असंच आहे.

ताऱ्याच्या हालचालीतून ग्रह ओळखायची कल्पना जुनी आहे आणि तिचा एक धागा पुण्यात येतो. कंपनी सरकारच्या सेवेतले कॅप्टन विल्यम जेकब यांनी १८४० च्या दशकात पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटून जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख असताना, १८५५ मध्ये, भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या कक्षेत त्यांना गोंधळ दिसला. इथे एखादा ग्रह असावा, असं त्यांनी मांडलं. तो दावा टिकला नाही. तेव्हाच्या उपकरणांना इतकं बारीक मोजणं झेपणारंच नव्हतं, पण विचाराची दिशा बरोबर होती. १८६२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याजवळच्या उंचावर नवी वेधशाळा उभारायला ते मुंबईला उतरले आणि आठवडाभरातच पुण्यात वारले.

मोजमाप जमायला पुढचं शतक सरत यावं लागलं. १९५२ मध्ये ऑटो स्ट्रूव्ह यांनी लिहिलं होतं की ताऱ्याला खेटून फिरणारे मोठे ग्रह असले तर ते वर्णपटातून ओळखता येतील. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. गुरूसारखे वायूचे राक्षस ताऱ्यापासून लांब, थंडीतच तयार होतात, असं सगळे धरून चालले होते. ऑक्टोबर १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि डिडिए केलो यांनी ५१ पेगासीभोवती सव्वाचार दिवसांत फिरणारा, गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह जाहीर केला आणि ते गृहीतक कोसळलं. दोघांना नोबेल मिळालं ते २०१९ मध्ये, संतमसचं बारसं झालं त्याच वर्षी. असे ग्रह, म्हणजेच ‘तप्त गुरू’, बहुधा लांब जन्मतात आणि मग आत सरकतात, असं आज मानतात. कसे सरकतात याबद्दल मात्र अजून वाद आहे.

इतक्या जवळ असल्याने संतमसची एक बाजू कायम ताऱ्याकडे असणार. तिथलं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या बरंच वर. एवढ्या तापात पाण्याचा ढग होऊ शकत नाही, खनिजांचे होतात. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला वास्प-१७बी या तप्त गुरूच्या वातावरणात स्फटिकाचे, म्हणजे सिलिकाचे, सूक्ष्म कण सापडले. तोच सिलिका, ज्याची वाळू आपल्या शेजारच्या कासार्ड्यात खणतात. संतमसचे ढग कुणी अजून पाहिलेले नाहीत. नाव त्याच्या भावंडांवरून बांधलेल्या अंदाजावर आहे, आणि अंदाज पटण्याजोगा आहे.

रत्नागिरीकरांना बिभा शोधायचा असेल तर मार्चअखेरीची, चंद्र नसलेली रात्र निवडा. शहराचे दिवे टाळायला आरे-वारेची बाजू बरी. साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा. मघेचा तेजस्वी तारा जवळजवळ डोक्यावर असेल. तिथून खाली, हात लांब धरून दीड मूठभर अंतर उतरलं आणि जरा उजवीकडे गेलं की षडंश तारकासमूहातल्या त्या भागात बिभा आहे. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षं, प्रत साधारण ८.७, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. तीन-चार इंची दुर्बीण पुरते, पण ताऱ्यांचा नकाशा हवाच, कारण आजूबाजूला तसलेच अनेक ठिपके आहेत. शाळांनी हा वेध मुलांकडून जरूर करून घ्यावा. मदत हवी असल्यास लिहा, नकाशा पाठवता येईल.

पुढच्या आठवड्यात अबूच्या गुरुशिखरावर जाऊ. तिथल्या १.२ मीटरच्या दुर्बिणीच्या मदतीने अहमदाबादच्या संशोधकांनी २०२१ मध्ये स्वतःचा तप्त गुरू शोधला, टीओआय-१७८९बी. तो ताऱ्यासमोरून जातो, त्यामुळे संतमसबद्दल अडलेल्या प्रश्नांची उत्तरं तिथे मिळाली आहेत.